उंबऱ्यावरचं पाणी

चिल्ल्याचे, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या काहिलीचे चाळीस दिवस, हे वर्षातले सगळ्यात नतद्रष्ट दिवस. मोयनाकमध्ये, दर्या आटून मागे सरलेल्या या बंदरगावात, या दिवसांत कोंबड्या चोची वासून भिंतीला चिकटतात, गाढवं उभ्या उभ्या म्हातारी होतात, आणि माणसं सकाळचा चहा झाला की दारं लावून घेतात ती सावल्या लांबल्यावरच उघडतात. मधल्या वेळात गल्लीतून जे चालतं त्याच्याकडे बघू नये, असं जुनी माणसं सांगतात. बघायला जाणार कोण, म्हणा! दर्या होता तेव्हा भर दुपारी उत्तरेकडून गार वारा यायचा. आता उत्तरेकडून नुसतं मीठ येतं.

बिबिसाराला या दिवसांत एकच काळजी असायची, कपितानची. कपितान म्हणजे तिचा बोका. अंगाने राखाडी, छाती आणि कान पांढरे, मेंढीला लाजवील अशी दाट लोकर, आणि तोंडात नावापुरते दात. मासळीच्या डब्यांचा कारखाना चालू होता तेव्हा तिथल्या मांजरांचा गावात काय थाट होता! माशाचं डोकं दिलं तर हुंगून सोडून द्यायची. त्या खानदानातला हा शेवटचा.

त्याला जपायचं म्हणजे बिबिसाराचा अर्धा दिवस जायचा. सकाळी ऊन वर यायच्या आत ती त्याला अंगणातून उचलून आत आणायची, कारण पांढरे कान आधी भाजतात. खिडक्यांवर रजया टांगायची. उत्तरेच्या भिंतीपाशी जमीन मातीची होती, तिथे ओलं पोतं अंथरायची. पाण्याची भांडी एकाला दोन, कारण म्हातारं मांजर पाण्यासाठी उठायचा कंटाळा करतं. पोटाखालची लोकर कात्रीने उतरवायची, पाठीची मात्र राखायची, ती ऊन अडवते. आणि सगळ्यात शेवटी दारात बोरूची चटई टांगून तिच्यावर पाणी शिंपडायची, नि लांब चोचीचं पितळी कुमगान उंबऱ्यावर रितं करायची. वारा त्या ओल्यावरून आत शिरला की खोलीत जरा जीव यायचा.

शेजारची पेर्देगुल हे सगळं भिंतीवरून बघायची. ती बिबिसाराच्या नवऱ्याची लांबची बहीण, म्हणून तिला जेंगे म्हणायची, म्हणजे वहिनी. नणंदेच्या नात्याने टोमणे मारायचा हक्क तिला आपोआप मिळाला होता आणि तो तिने एक दिवस वाया घालवला नाही.

"जेंगे, मला दत्तक घे की! मी उंदीरसुद्धा धरीन."

"धरशील गं. पण तू बोलतेस फार. तो बोलत नाही."

"माझ्या नवऱ्याने असं ओलं पोतं उभ्या जन्मात अंथरलं नाही माझ्यासाठी."

"तुझी लोकर कमी आहे," बिबिसारा म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

हसायच्या खऱ्या, पण हा बोका बिबिसाराला नुसता बोका नव्हता हे पेर्देगुललाही ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी असाच चिल्ला चालू असताना आयतमुरात, बिबिसाराचा नवरा, दर्या शोधायला गेला. दर्या तोवर इतका लांब गेला होता की गावातल्या पोरांना ती गोष्टच वाटायची. "कुठवर पळालाय बघून येतो, सांजेला परत," असं म्हणून त्याने खरबूज काखेत मारलं आणि पायांत रबरी गमबूट चढवले. कोरड्या वाळूत गमबूट! सगळी गल्ली खो खो हसली. "आणि भेटला तर काय अनवाणी उभा राहू त्याच्यासमोर?" आयतमुरात म्हणाला. कपितान तेव्हा तळहाताएवढं पिल्लू. त्याला बायकोच्या पदरात टाकून तो म्हणाला, "याला ऊन लागू देऊ नकोस." मग मासेमारीच्या दिवसांत होडीच्या यंत्रात सापडून अधू झालेला डावा पाय ओढत बंदराच्या उतारावरून खाली गेला, आणि आला नाही. शेवटचं बोलणं ते मांजराबद्दल. बायकोसाठी एक शब्द नाही. बिबिसाराला त्याचा संताप यायचा, आणि संताप आला की छाती भरून यायची.

लोकांनी शोधलं. वाळूत काही सापडलं नाही, गमबूटसुद्धा नाही. आमच्याकडे नवरा गेला की बाई भिंतीकडे तोंड करून त्याच्या नावाने हेल काढून रडते, आणि तो आवाज ऐकून बायका धावत येतात, तिला धरतात. बिबिसारा रडली नाही. मशिदीतले मुल्ला दोनदा येऊन समजावून गेले. ती त्यांना चहा द्यायची आणि म्हणायची, "येईल तो. सांजेला येतो म्हणालाय." कुठली सांज, हे विचारायचं धैर्य कुणाला झालं नाही.

त्यानंतर अकरा वर्षांनी आलेला हा चिल्ला वेगळाच निघाला. वीज सकाळी जायची आणि तिला वाटेल तेव्हा यायची. गोड्या पाण्याची गाडी यायची तर यायची. असल्या एका दुपारी बिबिसाराचा डोळा लागला, आणि उठून बघते तर चटईचा कोपरा सुटलेला, पोतं रिकामं.

ती डोक्यावर ओला रुमाल टाकून बाहेर पळाली. "पिश-पिश, कपितान, पिश-पिश!" गल्ली पांढरीफटक पडली होती. माणूस नाही, कुत्रं नाही. ती बंदराच्या टोकापर्यंत गेली. खाली वाळूत जुन्या लोखंडी होड्या कलंडून पडल्या होत्या, हात लावला असता तर कातडी तिथेच राहिली असती. या आगीत ते म्हातारं जनावर किती वेळ टिकणार? कशीबशी घरी आली आणि उंबऱ्यावर बसून राहिली.

सावल्या लांबल्यावर कपितान आला. शेपटी वर, डुलत डुलत, मेजवानी उरकून आल्यासारखा. तिने त्याला छातीशी धरलं आणि लगेच दचकून लांब केलं. तो गार होता. ओल्या फडक्याचा गारवा वेगळा. हा कारखान्याच्या बर्फघरातून काढलेल्या माशाचा गारवा होता, हाडापर्यंत गेलेला. लोकर ओली होती. तिने बोट लावून जिभेवर ठेवलं, खारट. आणि मानेपासून शेपटीपर्यंत सगळी लोकर उलटी फिरवलेली होती. मांजराला उलटा हात फिरवणारा माणूस तिने आयुष्यात एकच पाहिला होता.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर उन्हाने डोकं फिरलं म्हणून मोकळे झाले असते सगळे.

दुसऱ्या दिवशी तिने चटईचा कोपरा बांधला नाही. लाज वाटत होती, पण बांधला नाही. कपितान गेला आणि गारेगार होऊन आला. तिसऱ्या दिवशीही तेच. गल्लीतली बाकीची मांजरं जीभ बाहेर काढून धापा टाकत होती. पेर्देगुलची पिवळी मांजर न्हाणीच्या दगडाखाली मरून पडली. पेर्देगुल रडली आणि नाक पुसत म्हणाली, "तुझाच तेवढा कसा गं टुकटुकीत? काय खायला घालतेस?"

"काही नाही," बिबिसारा म्हणाली, आणि ते अक्षरशः खरं होतं. कपितान घरात काही खातच नव्हता. दूध तसंच, मटणाचे बारीक केलेले तुकडे तसेच. त्याच्या मिशांना माशाचा वास यायचा. तरी तो हलका होत चालला होता. दिसायला तेवढाच, पण उचलला की हातात वजनच लागायचं नाही. एका संध्याकाळी तिने त्याला मांडीवर घेतलं, तर जणू ओली रिकामी पिशवी घेतली. गारवा तेवढा होता, आणि रोज तो थोडा जास्त आत गेलेला असायचा. जे त्याला उन्हापासून वाचवत होतं तेच त्याला घोट घोट पीत होतं.

म्हणून पुढच्या दुपारी ती त्याच्या मागे गेली.

बंदराच्या उतारावर वाळूत पंजांचे ठसे सरळ खाली गेले होते. लोखंडी होड्यांच्या पलीकडे ते ओले झाले. कोरड्याठाक वाळूत, जिथे थुंकलं तरी थुंकी खाली पोचत नाही, तिथे ओले ठसे! आणि मग त्यांच्या शेजारी दुसरे ठसे सुरू झाले. रबरी बुटांचे. उजवा ठसा पुरा, डावा ओढलेला.

ती तिथेच थांबली. पुढे पाऊल टाकायची तिची छाती झाली नाही. उन्हाच्या लाटांत कपितान लांब उभा होता. मग तो वर उचलला गेला. कुणी नव्हतं तिथे. मांजर हवेत, कमरेच्या उंचीवर, चारी पाय सैल सोडून पडलेलं, आणि त्याच्या पाठीवरची लोकर शेपटीकडून मानेकडे, शेपटीकडून मानेकडे, आपोआप उभी राहत होती. डोळे मिटून ते घुरघुरत होतं. इतक्या लांबून तिला ते ऐकू येत होतं, आणि त्याच्यामागे लाटांचा आवाजही.

त्या संध्याकाळी कपितान आला तेव्हा तिने दाराला आडणा घातला आणि चटईचे चारी कोपरे तारेने बांधले.

"आता कुठे जायचं नाही," ती त्याला म्हणाली. "माझ्याने होईल तेवढं गार ठेवीन मी. त्याने अकरा वर्षं काय केलं तुझं?"

दोन-तीन दिवसांत कपितान पहिल्यासारखा उबदार झाला, दूध प्यायला लागला, आणि उन्हाने कासावीसही व्हायला लागला. बिबिसाराने पोत्यांची संख्या वाढवली. दुपारी वाऱ्यासाठी आडणा काढून दार उघडं ठेवायची, पण चटई बांधलेलीच; तिच्यावर पहिल्यापेक्षा दुप्पट पाणी मारायला लागली, आणि उंबऱ्यावर एकाऐवजी तीन कुमगान ओतायला लागली. बोक्याचा जीव राहिला पाहिजे, एवढंच तिला दिसत होतं.

ठसे मात्र आता बंदरावर थांबेनात. पहिल्या दिवशी तिने सावल्या लांबल्यावर बाहेर पाहिलं तर गल्लीच्या तोंडाशी ओलं होतं. दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी. तिसऱ्या दिवशी अंगणात, तुतीच्या झाडाखाली. एक पुरा, एक ओढलेला. कडेला मिठाची पांढरी रेघ.

त्या दिवशी पेर्देगुल चहाला आली. उंबरा ओलांडताना ती सहज म्हणाली, "काय गं जेंगे, रोज एवढं पाणी? कुणाचे पाय धुतेस?"

ती थट्टाच होती. पण बिबिसाराच्या हातातलं चहाचं भांडं कलंडलं.

दर्या होता तेव्हाची रीत. मासेमारीवरून आलेला माणूस सरळ घरात शिरत नसे. तो उंबऱ्याबाहेर उभा राही, आणि घरची बाई कुमगानने त्याच्या पावलांवर गोडं पाणी ओती. दर्या तिथेच धुऊन टाकायचा, मग माणूस आत. बाई रागावलेली असली तर पाणी ओतायला उशीर करी, आणि भले भले तांडेल दारात कोंबडीच्या पिलासारखे उभे राहत. पाणी ओतलं म्हणजे ये म्हटलं. बिबिसाराने सगळ्या संसारात हेच केलं होतं, आणि आता बोक्याच्या निमित्ताने रोज, भर दुपारी, त्याच उंबऱ्यावर, त्याच कुमगानने ती पुन्हा तेच करत होती. तो येणार नाही तर काय करील?

"काय झालं? बोलले ते लागलं का?" पेर्देगुलने विचारलं.

"नाही गं. चहा सांडला."

"मी मेले तरी तू असंच सांगशील. चहा सांडला म्हणून!"

पेर्देगुल गेल्यावर बिबिसारा बराच वेळ कुमगानकडे बघत बसली. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी तिच्या मनात होतं. तो आला होता. अकरा वर्षं सगळं गाव तिला खुळी म्हणत होतं, आणि तो चालत चालत अंगणापर्यंत आला होता. ओतलं एकदा पाणी, म्हटलं एकदा ये, तर काय होईल? मग तिला बोक्याची ती रिकामी पिशवी आठवली. आणि तरीही तिचा निर्णय होईना.

दुसऱ्या दिवशी पाण्याची गाडी आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. विहिरीचं पाणी इतकं खारट की मांजर हुंगून मागे सरायचं, आणि त्या पाण्याने अंग पुसलं तर कातडीवर मिठाचे पापुद्रे धरायचे. भांडी खरवडून खरवडून बिबिसाराकडे एका कुमगानापुरतं गोडं पाणी उरलं.

त्या दुपारी ऊन नुसतं मी म्हणत होतं. भिंतीतून, छपरातून, जमिनीतून उष्मा येत होता. पोती वाळून कडक झाली होती. कपितान आडवा पडला. त्याचं तोंड उघडं पडलं आणि तो कुत्र्यासारखा धापा टाकायला लागला. मांजर असं तोंड उघडून धापायला लागलं की वेळ थोडा असतो, हे बिबिसाराला कारखान्यातली मांजरं पाहिल्यापासून माहीत होतं. हिरड्या लालभडक झाल्या होत्या, लाळ गळत होती, डोळे एका जागी लागले होते. तिने कुमगान उचललं.

तेवढ्यात चटईवर सावली पडली.

चटई बाहेरून ओली व्हायला लागली. कुणी पाणी मारलं नव्हतं. बोरूच्या फटीतून खारट, गार वारा आत आला, ओल्या दोरखंडाचा, डिझेलचा, ताज्या मासळीचा वास घेऊन. टप, टप, टप. उंबऱ्याबाहेर कशातून तरी पाणी ठिबकत होतं. चटईच्या खालच्या मोकळ्या पट्टीतून तिला गमबुटांची टोकं दिसली. रबर वितळून आत गेलं होतं, आणि भोकांतून दिसत होते ते पाय तिने नीट पाहिले नाहीत.

"बिबिसारा." आवाज त्याचाच होता. थकलेला. "पाय भाजलेत गं."

तिच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि त्याच क्षणी तिला रडू फुटलं.

"फार चाललो," तो म्हणाला. "नुसती वाळू. दर्या सापडला, पण तिथे बसायला जागा नाही. पाणी ओत ना."

अकरा वर्षं तिने या एका वाक्याची वाट पाहिली होती. कुमगान तिच्या हातात होतं. तीन पावलांवर उंबरा. पायांशी कपितानची छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि तो वरखाली होण्याचा वेग आता मंदावत चालला होता.

"पाणी एवढंच आहे," ती म्हणाली. "आयतमुरात, एवढंच आहे."

"मग ओत."

"तूच सांगून गेलास, याला ऊन लागू देऊ नकोस म्हणून."

बाहेर नुसतं ठिबकणं.

"मी तुझं पाणी अकरा वर्षं राखलं रे," ती म्हणाली. "एक दिवस चुकले नाही. लोक हसले, मुल्ला आले, तरी राखलं. आज ते याला हवंय. हा जिवंत आहे. तू नाहीस."

आणि ती खाली बसली, चटईकडे पाठ करून. कुमगानाच्या चोचीतून तिने बारीक धार सोडली, आधी पंजांवर, मग पांढऱ्या कानांवर, मग पोटाच्या कापलेल्या लोकरीवर. हाताने चोळून ते कातडीपर्यंत पोचवलं. रजईच्या टोकाने वारा घातला. पाठीमागे कुणीतरी एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवावा, आणि तो भाजला की पुन्हा बदलावा, तसा आवाज येत होता. उजवा. डावा. उजवा. तिने मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उरलेलं पाणी तिने त्याच्यावर ओतलं असतं, हे तिला चांगलं माहीत होतं. कुमगान रितं होईपर्यंत ती तशीच रडत रडत ओतत राहिली.

मग आवाज थांबला. खारट वारा पडला. चटई क्षणात वाळून कडकड वाजली.

कपितानने तोंड मिटलं. बऱ्याच वेळाने त्याने मान उचलली, ओल्या जमिनीला जीभ लावली, आणि तक्रारीच्या सुरात एकदा ओरडला.

सावल्या लांबल्यावर बिबिसाराने तारा सोडून चटई बाजूला केली. ठसे उंबऱ्यापासून वळून अंगणातून बाहेर गेले होते. एक पुरा, एक ओढलेला. आता ते ओले नव्हते. वाळू उडायला लागली होती आणि गल्लीच्या टोकाचे ठसे एव्हाना बुजलेही होते.

ती आत आली, भिंतीकडे तोंड करून बसली, आणि तिने हेल काढला. त्याचं नाव घेऊन, त्याच्या होडीचं नाव घेऊन, त्याच्या लंगड्या पायाचं, त्याच्या हट्टाचं नाव घेऊन ती मोठ्याने रडली. तो आवाज भिंतीपलीकडे गेला. पेर्देगुल अनवाणीच धावत आली, पदराला पीठ, चेहरा पांढरा. तिला वाटलं बोका गेला. पण बोका पोत्यावर बसून पंजा चाटत होता.

"अगं, काय झालं? कोण गेलं?"

"माझा नवरा," बिबिसारा म्हणाली.

पेर्देगुलने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "जेंगे, अगं त्याला तर अकरा वर्षं झाली."

"नाही," बिबिसारा म्हणाली. "आज दुपारी."

पेर्देगुलने कपाळावरचा हात काढला. ती खाली बसली, तिने बिबिसाराला दोन्ही हातांनी धरलं, आणि रीतीप्रमाणे तिच्या सुरात आपलाही सूर मिसळला.